नेपाळात चालतं, गोंदियात चालत नाही

आधी एक सोपा प्रश्न. बालाघाटच्या माणसाला लुंबिनीला जायचं असेल तर कोणता कागद लागतो?

मतदार ओळखपत्र. बस्स. पासपोर्ट असला तर तोही चालतो, पण नसला म्हणून काही अडत नाही. व्हिसाचं तर नावच काढू नका.

आता दुसरा प्रश्न. बालाघाट जिल्ह्यातली मुलगी लग्न होऊन बाघ नदीच्या पलीकडे, गोंदिया जिल्ह्यात नांदायला गेली. तिथं ग्रामपंचायतीत अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर तिला उभं राहायचं आहे. तिला कोणता कागद लागतो? या प्रश्नाचं उत्तर आमचं घर डिसेंबर २०२० पासून शोधतंय.

दोन्ही प्रश्न एकाच लेखात का घेतले, ते सांगतो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये आम्ही गोंदियाहून निघणाऱ्या यात्रेच्या बसने सारनाथ, बोधगया, कुशीनगर, लुंबिनी केलं. आपल्याकडचे बौद्ध लोक अशा यात्रा करतातच, कोणाच्या तरी ओळखीचा यात्रावाला असतो, महिनाभर आधी पैसे जमा होतात, बसमध्ये चिवड्याचे डबे आणि भोंग्यावर भीमगीतं. आमच्या घरचे तिघं होतो. आजी, ताई आणि मी. आजी मूळची तिकडली, आमगावच्या बाजूची. १९५५ साली लग्न होऊन नदी ओलांडून इकडे आली. ताई इकडली, २०१६ साली लग्न होऊन नदी ओलांडून तिकडे गेली. मी कुठे गेलो नाही, म्हणून मला कधी कोणी काही विचारलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

यात्रावाल्याने निघायच्या आधी दहादा बजावलं होतं, "आधार नाही चालत बाप्पा, वोटर कार्ड घ्या." लोकांना पटत नव्हतं. आधार सगळीकडे चालतं, मग तिथं कसं नाही? पण नियम तसाच आहे, आणि तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर नीट वाचून ठेवा. नेपाळला जाणाऱ्या भारतीयाकडे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र हवं. १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या लोकांना वय आणि ओळख पटवण्यापुरतं आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, रेशनकार्ड असं फोटो असलेलं काहीही चालतं. १५ ते १८ मधल्या पोरांना शाळेच्या मुख्याध्यापकाचं ओळखीचं पत्र. घरचे सगळे सोबत असतील तर एका मोठ्या माणसाकडे पक्का कागद असला की बाकीच्यांचं फोटो असलेल्या साध्या पुराव्यावर भागतं. किती समजूतदार नियम आहे बघा! म्हातारी माणसं, शाळकरी पोरं, एकत्र निघालेलं कुटुंब, सगळ्यांचा विचार केलेला. भूतानचंही असंच, पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र.

सोनौलीच्या नाक्यावर एसएसबीच्या जवानाने कार्डं बघितली. माझं बालाघाट जिल्ह्याचं, ताईचं गोंदिया जिल्ह्याचं. आजीच्या हातात आधार. त्याने दोन्ही कार्डं उलटसुलट केली, आमच्या तोंडाकडे बघितलं आणि हातानेच 'चला' म्हणाला. आजी पलीकडे गेल्यावर कमानीकडे मागं वळून बघत म्हणाली, "एवढंच का रे? मले वाटलं दुसरा देश मणजे लय काही रायते."

एवढंच होतं, आजी. कारण ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत भारत आणि नेपाळ यांनी शांतता आणि मैत्रीचा करार केला. त्याच्या सातव्या कलमात दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता घेणं, व्यापार करणं, येणं-जाणं यांत आपल्याच नागरिकांसारख्या सवलती द्यायचं कबूल केलं. आपल्या बाजारात रात्री शिट्टी वाजवत फिरणारा नेपाळी चौकीदार त्याच कराराच्या आधारावर इथं राहतो, कमावतो, घरी पैसे पाठवतो. त्याहून पुढची गोष्ट सांगू? यूपीएससीची जाहिरात उघडून पात्रतेचं पान वाचा. आयएएस, आयपीएस अशा सेवा सोडल्या तर काही सेवांना नेपाळ आणि भूतानचे प्रजाजनही अर्ज करू शकतात. मला याचा राग नाही. चांगलंच आहे. दोन देश ठरवतात तेव्हा किती मोकळं होता येतं, त्याचा हा पुरावा आहे.

आता तारीख बघा. करार ३१ जुलै १९५० चा. त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, १० ऑगस्ट १९५० रोजी, राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. अनुसूचित जमातींचा ६ सप्टेंबरला. महाराष्ट्रात जातीचा दाखला काढायला गेलेल्या प्रत्येकाला या तारखा पाठ असतात, कारण खिडकीवरचा पहिला प्रश्न तोच असतो. १० ऑगस्ट १९५० रोजी तुमचा आजा, पणजा कुठं राहत होता? पुरावा आणा.

आणा की. आमचा पणजा त्या दिवशी बालाघाट जिल्ह्यात राहत होता. ताईच्या सासऱ्यांचा बाप त्या दिवशी आमगावच्या बाजूला राहत होता. आणि दोघंही, नीट वाचा, दोघंही त्या दिवशी एकाच राज्यात राहत होते. त्या राज्याचं नाव मध्य प्रदेश आणि राजधानी नागपूर. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचं नाव २६ जानेवारी १९५० ला बदलून मध्य प्रदेश झालं होतं. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं (वेगळा जिल्हा १ मे १९९९ चा). महाराष्ट्र नावाचं राज्य त्या दिवशी जगाच्या नकाशावर नव्हतं. ते आलं १ मे १९६० ला.

बालाघाट जिल्हाच मुळात १८६७ नंतर भंडारा, मंडला आणि सिवनीचे तुकडे जोडून झालेला आहे. इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्ये तो नागपूर विभागात आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिलं, भोपाळच्या हवाली. बाघ नदीला कोणी विचारलं नाही. आजीला तर नाहीच. ती लग्न होऊन आली तेव्हा तिने राज्य बदललं नव्हतं, फक्त गाव बदललं होतं. वर्षभरात राज्य तिच्या पायाखालून सरकलं.

डिसेंबर २०२० कडे येतो. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. ताईच्या वॉर्डातली जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी सुटली. ताई बारावी झालेली, बचत गटाचा हिशोब लिहिते, बायकांनी तिलाच उभं राहायला सांगितलं. जातीचा दाखला लागेल आणि त्यावर जात वैधता, म्हणून ती महाराष्ट्राच्या बाजूच्या एका कार्यालयात गेली. नाव लिहीत नाही, कारण दोष एका खिडकीचा नाही. खिडकीवरचा माणूस वाईटही नव्हता. त्याने कागद चाळले आणि म्हणाला, "बाई, तुमचे वडील मध्य प्रदेशचे. तुम्ही स्थलांतरित आहात."

ताई म्हणाली, "साहेब, मी स्थलांतर नाही केलं. लग्न केलं."

जातीचा दाखला बापाकडून येतो, नवऱ्याकडून नाही. हे बरोबरच आहे, नाहीतर उद्या कोणीही लग्न करून राखीव जागा घेईल. पण बाप नदीच्या अलीकडे असला की दाखला अलीकडचा होतो आणि अलीकडचा दाखला पलीकडे राज्याच्या राखीव जागेला चालत नाही. ताईला सांगितलं गेलं, मध्य प्रदेशातून दाखला काढा, त्यावर इथं स्थलांतरिताचा दाखला मिळेल. मिळतोही. केंद्राची १९७७ आणि १९८२ ची पत्रं आहेत तशी. पण तो दाखला केंद्राच्या कामाला आणि मूळ राज्याच्या कामाला. म्हणजे रेल्वेच्या भरतीत ताई अनुसूचित जातीची आहे. तिच्या घरासमोरचा नळ ज्या ग्रामपंचायतीचा आहे तिथं नाही.

मग बालाघाटातच लढ म्हणावं, तर तिथं आता तिचं मतदार यादीत नाव नाही. ना घरची, ना घाटची. आणि ज्या मतदार कार्डावर ती दुसऱ्या देशात जाऊन मायादेवीच्या मंदिरात वंदना करून आली, ते कार्ड तिच्या पिशवीतच होतं.

कायदा काय म्हणतो ते सोडून नुसता संताप करण्यात अर्थ नाही, म्हणून तेही मांडतो. संविधानाच्या ३४१ आणि ३४२ कलमांत जातीजमातींच्या याद्या त्या त्या राज्याच्या संबंधात आहेत. मुंबईच्या मेडिकल कॉलेजात आंध्रच्या एका विद्यार्थ्याने प्रवेश मागितला, त्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की एका राज्यातली अनुसूचित जात किंवा जमात दुसऱ्या राज्यात गेल्यावर आपोआप तशी राहत नाही. १९९४ मध्ये दुसऱ्या घटनापीठाने, महाराष्ट्रातल्याच दाखल्यांच्या प्रकरणात, तेच पक्कं केलं. २०१८ मध्ये पंजाबातून लग्न होऊन उत्तराखंडात गेलेल्या एका वाल्मीकी समाजाच्या बाईलाही हेच उत्तर मिळालं.

यामागचा विचार मला समजतो. एखादी जात एका राज्यात जशी दबलेली असेल तशी दुसरीकडे असेलच असं नाही, दुसऱ्या राज्यात तीच नावाची वेगळी जात असू शकते, आणि बाहेरून येणाऱ्याने तिथल्या माणसाचा वाटा खाऊ नये. मान्य. पण हा विचार आमगाव आणि लांजीच्या मध्ये उभा करून बघा बरं! महार समाज दोन्ही राज्यांच्या यादीत आहे. गोंड दोन्हीकडे आहेत, हलबा दोन्हीकडे आहेत. गावकुसाबाहेरची वस्ती दोन्हीकडे तशीच होती, विहिरीवरचा मज्जाव दोन्हीकडे तसाच होता, आणि धम्म घेतला तेव्हा दोन्हीकडची माणसं त्याच नागपूरला गेली. नदी ओलांडल्यावर जात सुटत असती तर आमच्या पूर्वजांनी कधीचेच डोंगे बांधले असते.

आणि हे फक्त मी म्हणत नाही. सुधाकर विठ्ठल कुंभारे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण शोधून वाचा, (२००४) ९ एससीसी ४८१. आपल्यासारखंच आहे. माणूस हलबा, मूळचा तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यातला, नोकरी महाराष्ट्रात. सर्वोच्च न्यायालयाने तिथं फरक केला. दुसऱ्या राज्यात यादीतच नसलेल्या जमातीला लाभ न देणं ही एक गोष्ट, पण एकच प्रदेश दोन राज्यांत कापला गेला आणि ती जमात दोन्हीकडे यादीत आहे, तर तिथल्या माणसांचा लाभ बंद झाला असं म्हणणं ही वेगळी गोष्ट. न्यायालयाने सरसकट हक्क दिला नाही, प्रश्न नीट तपासायला सांगितला. प्रकरण जमातीचं होतं, जातीचं नव्हतं, हेही खरं. पण ३४१ आणि ३४२ चे शब्द सारखेच आहेत, आणि पुनर्रचनेत कापला गेलेला प्रदेश हा मुद्दा तर जसाच्या तसा आपला आहे.

या निकालाला वीस वर्षं उलटून गेली. ताईच्या खिडकीवर त्याचं नावही कोणी ऐकलेलं नव्हतं. तिने मोबाईलवर दाखवलं तर उत्तर मिळालं, "असा जीआर आणा."

तिकडे बिहार-झारखंडात बघा. २००० साली राज्य वेगळं झालं, लोक असेच लटकले. २०२१ मध्ये पंकज कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, विभाजनात सापडलेला माणूस दोन्हीपैकी एका राज्यात आरक्षण घेऊ शकतो, दोन्हीकडे एकदम नाही. तो निकाल त्या विभाजनाच्या कायद्यावर उभा आहे, आपल्याला थेट लागू नाही. पण तोडगा किती साधा आहे! एकीकडे घ्या, दुसरीकडे सोडा. ताई आज लिहून द्यायला तयार आहे की मध्य प्रदेशात ती आयुष्यात काही मागणार नाही. दुहेरी लाभाची भीती असेल तर दोन्ही जिल्ह्यांच्या कार्यालयांनी एकमेकांना एक पत्र पाठवावं. गोंदिया ते बालाघाट चाळीसेक किलोमीटर, पॅसेंजरने गेलात तरी दुपारच्या जेवणाला परत याल.

महाराष्ट्राला सीमेवरच्या मराठी माणसासाठी वेगळी सोय करता येत नाही, असं कोणी सांगितलं तर त्याला ८६५ आकडा सांगा. कर्नाटकाशी वाद असलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत वेगळा प्रकार आहे. इंजिनिअरिंगच्या सीईटीची माहितीपुस्तिका उघडा, 'टाईप-ई' म्हणून तो छापलेला असतो. मातृभाषा मराठी, गाव वादग्रस्त सीमाभागातलं, मग वाट मोकळी. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पोरांना ते मिळालं, त्यांच्या वडिलांनी लाठ्या खाऊन मिळवलं, मला त्याचा अभिमान आहे. पण बालाघाटचं पोरगं त्याच पुस्तिकेत स्वतःला शोधतं तेव्हा कुठं सापडतं? महाराष्ट्राने आपल्यावर कधी दावाच केला नाही, म्हणून आपण वादग्रस्तही नाही. वाद नाही म्हणून हक्क नाही. असला न्याय!

आम्हाला बालाघाट महाराष्ट्रात घालायचंय, असं काहींना वाटतं. आमच्यातल्या काहींना वाटतही असेल, माझं ते मागणं नाही. आमच्या जिल्ह्यात पवारी आहे, गोंडी आहे, लोधी, मरारांच्या बोली आहेत, हिंदी तर आहेच. नकाशा राहू द्या तसाच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पलीकडच्या गावात मयतीला जायला ई-पास मागितला गेला, मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या बसेस मध्य प्रदेशाने थांबवल्या, तेव्हाही आम्ही समजून घेतलं, कारण तो रोग होता आणि तो संपला. दाखल्याचं हे स्थलांतर संपत नाही. ते लेकरांकडे जाणार नाही एवढंच बरं, कारण ताईच्या मुलाला बापाचा दाखला मिळेल. अडकते ती फक्त ताई.

सुरुवातीला लक्षात ठेवा म्हटलं होतं ते हेच. नदी कोण ओलांडतं? मुलगे आपल्या घरी राहतात, बापाचा दाखला, बापाचं गाव, सगळं जागेवर. ओलांडतात त्या मुली. कटंगी, वारासिवनी, किरनापूर, लांजीच्या मुली तिकडे, तिरोडा, आमगाव, सालेकसाच्या मुली इकडे. रोटीबेटीचा व्यवहार म्हणून आपण सभांमध्ये छाती फुगवतो, त्या व्यवहारातली बेटीच स्थलांतरित ठरते. आपल्या सीमेच्या भाषणांत याचा उल्लेख मी आजवर ऐकलेला नाही, आपल्या ग्रुपच्या बैठकीतही नाही. इथं सरकारइतकीच चूक आपलीही आहे.

मागणं दोन आहेत. पहिलं, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी कुंभारे निकालाला धरून आदेश काढावा. जी जात किंवा जमात दोन्ही राज्यांच्या यादीत आहे आणि ज्या माणसाचा पूर्वज १९५० च्या तारखेला जुन्या मध्य प्रदेशात, या कापलेल्या पट्ट्यात राहत होता, त्याच्याकडून एकाच राज्यात लाभ घेण्याचं शपथपत्र घ्यावं आणि दाखला द्यावा. याद्या बदलायची गरज नाही, एकही नवी जात घालायची नाही. राज्याच्या हातात एवढं नाही असं कोणी म्हणालं, तर त्यांनी तसं लेखी द्यावं, मग आपण कोर्टात आणि दिल्लीत बोलू. दुसरं, तोवर निवडणुकीच्या वेळी अशा बाईचा अर्ज खिडकीवर तोंडी परत करू नये. नाकारायचा तर लेखी नाकारा, कारण लिहा. तोंडी नकारावर अपील होत नाही, आणि ताईच्या हातात आजही एक ओळ लिहिलेली नाही.

तुमच्याकडून एक काम हवंय. घरातली जुनी पेटी उघडा. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा कोणताही कागद बघा. कोतवाल बुकाची नक्कल, शाळेचा दाखल-खारिज, मिसल, जमिनीची पावती, काहीही. बालाघाटवाल्यांनीही बघा, गोंदिया-भंडाऱ्यावाल्यांनीही. फोटो काढताना नावावर कागदाची पट्टी ठेवा, गाव, साल आणि वरचं राज्याचं नाव दिसू द्या, आणि पेजच्या इनबॉक्समध्ये टाका. आम्ही दोन्ही बाजूंचे कागद जोडीने लावतोय.

पहिली जोडी आमच्या घरची आहे. डावीकडे आमच्या आजोबांचा शाळेचा दाखला, बालाघाट जिल्हा, १९५२. उजवीकडे ताईच्या चुलत सासऱ्यांचा, भंडारा जिल्हा, १९५३. दोन्हींच्या वर एकच नाव छापलंय, मध्य प्रदेश. उजवीकडच्या कागदावर महाराष्ट्राने वैधता दिलेली आहे.